मीटर बसण्याआधी

ऊर्जेचं ऑडिट करणाऱ्याला इमारतीत सगळ्यांत शेवटी बोलावतात. आर्किटेक्टचं काम संपलेलं असतं, बिल्डर पुढच्या साइटवर गेलेला असतो, लोक राहायला येऊन स्थिरावलेले असतात. मग कधीतरी विजेचं बिल पाहून कमिटीच्या पोटात गोळा येतो आणि आमचा फोन वाजतो. आम्ही क्लॅम्प मीटर, थर्मामीटर, लक्समीटर घेऊन पोचतो. पंपाची मोटर गरजेपेक्षा मोठी आहे, चिलरचे कंडेन्सर साफ केलेले नाहीत, पॉवर फॅक्टर घसरलाय, असा अहवाल देतो. त्यातलं निम्मं अमलात आलं तरी बिल थोडं उतरतं आणि सगळे समाधानी होतात.

पुण्यात वीसेक वर्षं मी हे काम करत आले. आधी मेकॅनिकलची पदवी, मग ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची ऑडिटरची परीक्षा, मग कारखाने, हॉस्पिटलं, मॉल आणि अलीकडे मोठमोठ्या हाउसिंग सोसायट्या. आमच्या कंपनीचे जर्मनी-ऑस्ट्रियातल्या काही सल्लागारांशी संबंध जुळले आणि माझं युरोपात जाणं-येणं सुरू झालं. फ्रँकफुर्टचं आयएसएच प्रदर्शन, कुठल्या तरी शहरातलं बॉयलर हाउस, कुठे चालू बांधकाम. जायचे ती यंत्रं पाहायला, आणि यंत्रं उत्तमच होती. पण तिथून जे खरोखर शिकले ते बहुतेक यंत्रांच्या आसपास होतं. स्टेशनपासून प्लांटपर्यंतच्या रस्त्यात होतं, कुणाच्या तरी बिलाच्या फायलीत होतं, साइटवरच्या एका खोळंब्यात होतं.

व्हिएन्नाचं श्पिटेलाऊ केंद्र मला यंत्र म्हणूनच दाखवलं गेलं. शहराचा कचरा जाळून त्याच्या उष्णतेवर घरं तापवणारं हे केंद्र मेट्रो स्टेशनला खेटून उभं आहे. 1987 मध्ये तिथे आग लागली. दुरुस्तीच्या वेळी हुंडर्टवासर या चित्रकाराकडे त्याचं रूप सोपवलं आणि 1992 पासून ते रंगीबेरंगी, सोनेरी गोळ्याच्या चिमणीचं केंद्र शहराची ओळख बनलं. साठ हजारांहून जास्त घरांना इथून उष्णता जाते. 2009 पासून तिथे गार पाणीही तयार होतं. उन्हाळ्यात कुणाला नको असलेल्या उष्णतेवर ॲब्सॉर्प्शन चिलर चालवतात. ते पाहून मला घरच्यासारखं वाटलं. आमच्या धंद्यात त्याला ‘व्हॅम’ म्हणतात आणि पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रं कित्येक वर्षं बनवते आहे. तंत्रज्ञान आपल्या ओळखीचं होतं. ओळखीची नव्हती ती जागा.

सोबत निवृत्तीला टेकलेले एक इंजिनिअर होते. त्यांना विचारलं, हे गावाबाहेर का नाही बांधलं? जमीन स्वस्त मिळाली असती, लोकांचा विरोधही टळला असता. ते म्हणाले, “गावाबाहेर बांधलं असतं तर उष्णता नदीत सोडावी लागली असती. हे मुळात जवळच्या हॉस्पिटलसाठी बांधलं. गरम पाण्याच्या पाइपला प्रत्येक मीटरला पैसे पडतात. एका मीटरवर किती घरं जोडता येतील, हा आमचा पहिला आकडा. प्लांटची कार्यक्षमता त्यानंतर.” मी वहीत बॉयलरची कार्यक्षमता लिहून घेत होते. तिच्यावर हा आकडा लिहिला आणि तो अजूनही मला त्या वहीतला सगळ्यांत मोलाचा वाटतो. यंत्र कितीही चांगलं असो, त्याचा उपयोग वस्तीच्या रचनेवर ठरतो. विरळ पसरलेल्या बंगल्यांच्या गावात श्पिटेलाऊ तोट्यात गेलं असतं.

वस्ती दाट करायची म्हणजे टॉवर उभे करायचे, हे आपल्याकडे गृहीतच आहे. व्हिएन्नातच त्याचं उत्तर होतं. त्या रविवारी मी कार्ल-मार्क्स-होफ पाहायला गेले. 1930 मध्ये खुली झालेली, शहराने कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे, त्यात तेराशेहून अधिक घरं आहेत, आणि तरी बहुतेक जागा अंगणांसाठी मोकळी सोडली आहे. आत धुण्याच्या खोल्या, बालवाड्या, ग्रंथालय. पॅरिस, बार्सिलोना, व्हिएन्ना ही शहरं चांगलीच दाट आहेत, पण त्यांची बहुतेक वस्ती पाच-सहा मजल्यांत मावली आहे. माझ्यासारखीला त्यात लगेच दिसतं ते पंपाचं बिल. पाणी वीस-पंचवीस मजले चढवायचं, तितकीच लिफ्ट पळवायची, अग्निशमनाचे पंप सज्ज ठेवायचे, बंद कॉरिडॉरमध्ये दिवसाही दिवे लावायचे, हे सगळं उंचीबरोबर येतं. तिथल्या जुन्या जिन्यात बटण दाबलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. जिन्याला खिडकी असल्यामुळे दिवसा बटणाचीही गरज नसते.

कोपनहेगनमध्ये धडा मिळाला तो बिलाचा. तिथल्या जवळपास सगळ्या घरांना, सांगतात त्याप्रमाणे 98 टक्के घरांना, शहराच्या जाळ्यातून गरम पाणी येतं. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आम्ही चहाला गेलो होतो. मी काय काम करते ते कळल्यावर त्यांनी कपाटातून हीटिंगच्या बिलांची फाइल काढली आणि परतीच्या पाण्याचं तापमान दाखवलं. मागच्या हिवाळ्यात ते वाढलं होतं, प्लंबर आला, एका रेडिएटरचा व्हॉल्व्ह अडकलेला निघाला. गार झालेलं पाणी परत पाठवलं तर सवलत, कोमट पाठवलं तर भुर्दंड, असा तिथला दर आहे. कारण पाणी जितकं गार होऊन परतेल तितकी उष्णता घराने खरोखर घेतली, तितकं कमी पाणी पंपाने फिरवावं लागलं, आणि केंद्रातही उरलीसुरली उष्णता त्या पाण्याला देता येते.

आमच्या व्यवसायातलं हे जुनं दुखणं आहे. मॉलमध्ये किंवा मोठ्या ऑफिसात थंड पाणी सात अंशांना जातं आणि बारा अंशांना परत यावं अशी रचना असते. प्रत्यक्षात ते नऊ अंशांना परत येतं. म्हणजे दुपटीहून जास्त पाणी फिरतंय, दोन पंपांच्या जागी चार चालतायत, अर्ध्या भारावर एक चिलर उगाच सुरू आहे. हे मी कितीतरी अहवालांत लिहिलं असेल. सुधारणा क्वचितच व्हायची, कारण भाडेकरू एसीचे पैसे चौरस फुटांवर देतात. त्यांच्या दुकानातला व्हॉल्व्ह कायम उघडा राहिला तरी त्यांचा एक रुपया वाढत नाही. जी गोष्ट मी इंजिनिअरांच्या प्रशिक्षणात अर्धा तास समजावत असे, ती या बाईंना फक्त बिलाने शिकवली होती. तिथून आल्यावर माझ्या अहवालांचा क्रम बदलला. आधी प्रत्येक दुकानाला थंडाव्याचा वापर मोजणारं बीटीयू मीटर आणि वापरानुसार बिल, मग पंपांची डागडुजी. जिथे हे मान्य झालं तिथे भाडेकरू स्वतःहून फोन करून व्हॉल्व्ह तपासायला माणूस मागवू लागले.

ही शिस्त डॅनिश रक्तात असते असं समजण्याचं कारण नाही. कोपनहेगनने चहूबाजूंनी वेढलेलं फ्रेडरिक्सबर्ग आहे. तिथे कचऱ्याच्या उष्णतेवर हॉस्पिटल तापवण्याची सुरुवात 1903 सालीच झाली होती, पण जाळं देशभर पसरलं ते तेलाच्या धक्क्यानंतर. 1973 मध्ये डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर चालत होती. रविवारी गाड्या चालवायला बंदी घालायची वेळ आली. 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला आणि कुठल्या भागात उष्णतेचं जाळं न्यायचं, कुठे गॅस, हे ठरवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आली. घरोघरी बॉयलर बदलत बसण्यापेक्षा रस्त्याखाली काय जाणार हे आधी ठरवलं. आज त्या जाळ्याला जोडलेल्या घरमालकाला बॉयलरची चिंताच नसते.

हायडलबर्गमध्ये मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला तो एका अर्धवट फ्लॅटच्या दारात. रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या जागेवर तिथे बाह्नश्टाट नावाचा नवा भाग उभा राहिला, आणि तिथली घरं पॅसिव्ह हाउसच्या मानकाने बांधायची असं शहराने ठरवलं होतं. या मानकाचं पहिलं घर वोल्फगांग फाइस्ट यांनी 1991 मध्ये डार्मश्टाटला उभं केलं. वर्षाला चौरस मीटरमागे 15 युनिटच्या आत उष्णता लागली पाहिजे, हा त्याचा गाभा. कागदावर मला ते पाठ होतं. साइटवर पाहिलं ते वेगळंच. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात पंखा बसवतात, आत-बाहेर 50 पास्कलचा दाब तयार करतात आणि घर किती गळतंय ते मोजतात. तासाला घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा गळता कामा नये.

त्या दिवशी आकडा किंचित वर गेला. काम थांबलं. एक जण धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीने फिरू लागला आणि वायरिंगच्या बोर्डामागे धूर वाकडा झाला. वायरचा कंड्यूट आतून बंद केलेला नव्हता. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने तो लिंपला, पंखा पुन्हा फिरला, आकडा खाली आला, सही झाली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी ‘चालतंय हो’ म्हटलं नाही. कारण तो आकडा करारात होता. तो जुळल्याशिवाय कुणाचंच बिल पास होणार नव्हतं, ना गवंड्याचं, ना खिडकीवाल्याचं, ना त्या इलेक्ट्रिशियनचं.

आपल्याकडे फ्लॅटचा ताबा घेतल्यावर एसीवाला येतो, तांब्याच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडतो आणि उरलेली फट वर्तमानपत्राच्या बोळ्याने बुजवतो. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधून वारा येतच असतो. अशा खोलीत पंचतारांकित एसी लावणं म्हणजे गळक्या माठात वाळा घालून पाणी भरणं. पुण्यात आपल्याला जर्मन घर नको आहे. वर्षातले बरेच महिने खिडकी उघडी टाकून झोपता येतं आणि तसंच झोपावं. पण जी खोली आपण पैसे मोजून गार करतो ती तरी बंद व्हावी, एवढीच माझी मागणी. हल्ली आम्ही हॉस्पिटलांच्या ऑपरेशन थिएटरसाठी आणि कोल्ड स्टोरेजसाठी गळतीची चाचणी निविदेतच घालायला लावतो. मोजता येणारी अट निविदेत असली की ती पाळली जाते. ‘काम उत्तम दर्जाचं असावं’ असं लिहिलं की हात हलवत परत यावं लागतं.

फ्रायबुर्गच्या वोबाँमध्ये मात्र मला माझ्या सोसायट्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. ही पूर्वी फ्रेंच लष्कराची छावणी होती. 1992 मध्ये सैन्य गेलं आणि तिथे नवी वस्ती वसली. घरं नीट आहेत, काही तर वापरतात त्याहून जास्त वीज छपरावर तयार करतात, आणि पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. मी मात्र गाडी शोधत होते. निवासी गल्ल्यांत गाडी उभी करता येत नाही. सामान उतरवायला आणायची आणि घेऊन जायची. ज्याला गाडी ठेवायची असेल त्याने वस्तीच्या कडेच्या गॅरेजमध्ये तेव्हाचे पंधरा-वीस हजार युरो मोजून जागा घ्यायची. ज्याला नको असेल त्याच्यावर तो खर्च पडत नाही. 2006 पासून ट्राम आत येते आणि गॅरेजपेक्षा तिचा थांबा बहुतेकांना जवळ पडतो. बऱ्याच कुटुंबांकडे गाडी नाही, आणि त्यात विशेष काही केल्याचा आवही नाही.

आता आपल्या सोसायटीचं सामाईक मीटर घ्या. लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाण्याचं केंद्र आणि पार्किंगचं तळघर. तळघरात चोवीस तास दिवे, धूर बाहेर टाकणारे भले मोठे पंखे, पावसाळ्यात साठलेलं पाणी उपसणारे पंप, उतरायला रॅम्प, त्याच्यावर दिवे. गाडी उभी असली तरी वीज खाते, हे मला ट्रान्सफॉर्मर रूममध्ये कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवलं वोबाँच्या बाकावर बसून, तळघरच नसलेल्या इमारतींकडे बघताना. पंख्यांना सेन्सर लावून मी बिल कमी करू शकते. पण ते तळघर बांधायला लावणारा पार्किंगचा नियम माझ्या कक्षेत येत नाही, आणि खर्चाचं मूळ तिथे आहे. ज्याच्याकडे गाडी नाही तोही त्या तळघराचे पैसे फ्लॅटच्या किमतीत आणि पुढे मेंटेनन्समध्ये भरत राहतो.

गाडी का लागते, याचं उत्तर व्हिएन्नाच्या टोकाला मिळालं. आस्पर्नच्या जुन्या विमानतळाच्या 240 हेक्टर जागेवर झेश्टाट नावाचं नवं उपनगर उभं राहत होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मेट्रोच्या खिडकीतून क्रेन, मातीचे ढीग आणि मोकळी जमीन दिसत होती. मेट्रो मात्र दर काही मिनिटांनी येत होती, जवळजवळ रिकामी. ऑक्टोबर 2013 मध्ये यू-2 मार्ग तिथपर्यंत नेला गेला आणि पहिले रहिवासी आले ते पुढच्या वर्षी. रिकाम्या मेट्रोचा तोटा कोण सोसणार, असं मी विचारलं. उत्तर मिळालं की माणूस घर बदलताना सवयी बदलतो. पहिल्याच आठवड्यात गाडी घ्यावी लागली तर पुढे मेट्रो आणून ती सुटत नाही. शिवाय 2012 पासून शहरभराचा वार्षिक पास 365 युरोंना, म्हणजे दिवसाला एक युरो. हा दर पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला.

कोपनहेगनने ही गोष्ट 1947 पासून नकाशातच घातली आहे. शहराने रेल्वेमार्गांच्या बाजूने हाताच्या बोटांसारखं वाढायचं आणि बोटांमधली जमीन हिरवी ठेवायची, अशी ती योजना. पुढे त्यात मोठी ऑफिसं स्टेशनपासून 600 मीटरांच्या आतच बांधण्याचा नियम आला. आमच्या पुण्यात हिंजवडीला आधी आयटी पार्क आलं आणि मेट्रोचं काम दोन दशकांनी सुरू झालं. तिथल्या काही इमारतींचं मी ऑडिट केलं आहे. काच उत्तम, चिलर उत्तम, भिंतीवर हरित इमारतीची पाटी. त्या इमारतीत पोचण्यासाठी रोज जळणारं डिझेल-पेट्रोल मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. ते माझ्या मोजमापात धरायचं म्हटलं तर पाटी उतरवावी लागेल.

इतकं सगळं मध्य आणि उत्तर युरोपातलं. पण तिथला प्रश्न थंडीचा आहे आणि आपला उन्हाचा, त्यामुळे आपला खरा मास्तर दक्षिणेत आहे असं माझं मत सेव्हिलला झालं. जुलैमध्ये तिथे पारा बऱ्याचदा चाळिशीच्या वर जातो. जुन्या बाजारातल्या सिएर्पेससारख्या गल्ल्यांवर उन्हाळ्यात इमारतीपासून इमारतीपर्यंत कापडी छतं ताणतात. दुपारी मी त्या कापडाखालून चालत बाहेरच्या रुंद रस्त्यावर आले आणि परत आत पळाले. फरक मोजायला थर्मामीटर काढावा लागला नाही. गल्ल्या मुळातच अरुंद, घरांच्या मध्ये अंगण, अंगणात कुंड्या आणि पाणी. खिडकीला बाहेरून गुंडाळता येणारी झडप. मी जिथे उतरले होते त्या घरच्या काकूंनी मला दुपारी खिडकी उघडताना पकडलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. सकाळी नऊ वाजता सगळं बंद, रात्री उशिरा सगळं उघडं, हा त्यांच्या घरचा नियम होता.

माझं आजोळ अकोल्याचं. जाड भिंतींचं धाब्याचं घर, उन्हाळ्यात दारं-खिडक्या सकाळीच लोटून घेतलेली, दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं. सेव्हिलच्या काकूंचं आणि माझ्या आजीचं पटलं असतं. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर ऊन काचेच्या बाहेर अडवलं पाहिजे. काचेतून आत आलेली उष्णता आतला पडदा ओढून परत जात नाही, ती खोलीतच राहते आणि एसीलाच बाहेर काढावी लागते. तरीही आज विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेला सपाट काच लावून, आत जाड पडदा ओढून, वर दोन टनी एसी बसवलेली ऑफिसं मी पाहते. 2018 मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आली, तिच्यात भिंत आणि खिडकीतून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे. छज्जा आणि झडप लावून ती सहज पाळता येते. अडचण ही की दर्शनी भागाच्या चित्रात झडप ‘जुनाट’ दिसते, असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे.

सेव्हिलने सायकलचंही एक उदाहरण घालून दिलं. 2006 नंतरच्या मोजक्या वर्षांत तिथे वेगळ्या काढलेल्या सायकलमार्गांचं ऐंशी किलोमीटरचं जाळं एकदम टाकलं. तुकड्यातुकड्याने नाही, एकमेकांना जोडून. इतक्या उन्हात कोण चालवणार, ही शंका तिथेही होती. लोकांनी चालवली, कारण मार्ग मध्येच संपत नव्हता. आपल्याकडचे सायकल ट्रॅक पानटपरीशी किंवा डीपी बॉक्सशी संपतात. पाण्याच्या पाइपला मध्ये शंभर फुटांचा खंड ठेवून नळ का येत नाही असं आपण विचारत नाही. रस्त्यांबाबत मात्र विचारतो.

मी ही शहरं पूजेला लावायला निघालेले नाही. कोपनहेगनने 2025 पर्यंत कार्बनमुक्त होण्याचं जाहीर केलं होतं. 2022 मध्ये ते जमणार नाही हे मान्य करावं लागलं. त्यांच्या आमागर बाके केंद्राच्या उतरत्या छपरावर लोक स्कीइंग करतात, पण केंद्र इतकं मोठं बांधलं की भट्टी चालू ठेवायला परदेशातून कचरा आणावा लागला. माझ्यासारख्या ऑडिटरला ती ओळखीची खूण आहे, गरजेपेक्षा मोठी मोटर. फ्रँकफुर्टच्या काचेच्या मनोऱ्यांत आपल्यासारखेच चिलर गुरगुरतात. वोबाँमध्ये राहणारा वर्ग बऱ्यापैकी शिकलेला आणि सुस्थितीतला आहे, तिथे घर मिळवणं सोपं नाही.

आणि हे सगळं सहजासहजी झालेलं नाही. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आई-बाप मुलांचे खून थांबवा म्हणत रस्त्यावर उतरले, आणि आज आपण ज्याचे फोटो काढतो तो सायकलींचा देश तिथून घडत गेला. युट्रेख्टने गावाभोवतीच्या जुन्या कालव्याचा एक भाग बुजवून रस्ता केला होता. तो रस्ता उखडून 2020 मध्ये पुन्हा पाणी सोडलं. स्टॉकहोममध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर कर लावायला लोकांचा विरोध होता. 2006 मध्ये काही महिने प्रयोग केला, रहदारी साधारण वीस टक्क्यांनी घटली, मग मतदान घेतलं आणि निसटत्या बहुमताने लोकांनी तो ठेवला. आधी अनुभव, मग मत, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. मीही आता अख्ख्या सोसायटीला योजना पटवत बसत नाही. एका इमारतीत तीन महिने करून दाखवते, पुढे बिल बोलतं.

आज तरुण इंजिनिअर युरोपला निघाले की माझ्याकडे प्लांटची यादी मागतात. ती देते. सोबत सांगते की स्टेशनवर उतरल्यावर टॅक्सी करू नका. रात्री नऊला फुटपाथवर कोण चालतंय बघा, म्हातारी माणसं आणि मुलं दिसतात का. कुणाच्या घरी जाण्याचा योग आला तर बिल बघायला मागा. खिडकी आतून बंद होते की बाहेरून, ते बघा. आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारा, हे कोणी, कधी आणि कुणाच्या विरोधाला तोंड देऊन ठरवलं? यंत्राची माहिती कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मिळते. हे तिथे छापलेलं नसतं.

मी स्वतः गेल्या काही वर्षांत एक नवीन काम अंगावर घेतलं आहे, ज्याचे पैसे कुणी देत नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती आणि सूचना मागवतात. 1966 च्या नगररचना कायद्याने नागरिकाला तो हक्क दिला आहे, बहुतेक लोक तो आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं तरच वापरतात. एका सुनावणीत मी शाळा आणि बाजार बसमार्गापासून चालत्या अंतरावर ठेवण्याबद्दल, रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांच्या सावलीबद्दल आणि सक्तीच्या पार्किंगबद्दल चार पानं दिली होती. समोरच्या साहेबांनी ती चाळली आणि सौजन्याने विचारलं, “मॅडम, तुमचं घर रस्त्यात जातंय का?”

“नाही.”

“मग हरकत कशाची?”

“वीज बिलाची,” मी म्हटलं आणि त्यांना तळघरातल्या पंख्यांचा हिशेब दाखवला. ते दोन मिनिटं ऐकतील असं वाटलं होतं, त्यांनी पंधरा मिनिटं ऐकलं. शेवटी म्हणाले की हा मुद्दा कुठल्या रकान्यात लिहायचा ते त्यांना कळत नाही, कारण फॉर्ममध्ये जमीन, रस्ता, आरक्षण एवढेच रकाने आहेत. मी म्हटलं, तिन्हींत लिहा. तिन्ही रकान्यांत ठरतं तेच पुढची पन्नास वर्षं मीटरवर उमटत राहतं, आणि तिथे ठरलेलं दुरुस्त करायला माझ्याकडे कुठलंही उपकरण नाही.